मणका मोडला तरी आतडे चालते

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून किल्लारी आणि आसपासची गावे गाढ झोपली होती. भूकंपाने दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे जड माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आले. दरवर्षी सप्टेंबरात मृतांचे आकडे निघतात, ५२ गावांच्या स्थलांतराची चर्चा होते. ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्यांत मणक्याची दुखापत झालेलेही होते. त्यांच्या पायांविषयी सगळ्यांनी विचारले. पोटाविषयी फारसे कोणी विचारत नाही. आपण डॉक्टरही विचारत नाही. घरोघरी शौचालय नसलेल्या तेव्हाच्या खेड्यात कमरेखाली लुळ्या पडलेल्या माणसाचे, विशेषतः बाईचे, रोजचे हाल त्याच न विचारलेल्या प्रश्नात होते.

मज्जारज्जू दुखावला म्हणजे आतडेही लुळे पडले, हा समज आजही भेटतो. पहिल्या काही दिवसांत, धक्क्याच्या अवस्थेत, तो खराही वाटतो: पोट फुगते, आवाज ऐकू येत नाहीत. पण हे दिवस सरतात. बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १८९९ मध्ये कुत्र्याच्या आतड्याच्या बाहेरून येणाऱ्या नसा तोडून पाहिले, तरी घासाच्या मागचा भाग आकुंचन पावत होता आणि पुढचा सैलावत होता. आतड्याच्या भिंतीत ऑअरबाख आणि माइसनर यांच्या नावाची जाळी आहेत, त्यांत कोट्यवधी चेतापेशी आहेत. कहालच्या पेशी ठेका धरतात, जठरात मिनिटाला सुमारे ३, ग्रहणीत १२ च्या आसपास. मेंदू या कारभारावर देखरेख करतो, तो चालवत नाही. व्हेगसमधले बहुतेक तंतू तर खालून वर बातमी नेणारेच आहेत.

अडचण येते ती शेवटच्या टप्प्यात. मोठ्या आतड्याचा डावीकडचा भाग आणि गुदाशय यांना त्रिकास्थीच्या दुसऱ्या ते चौथ्या खंडातून नसा येतात. हे खंड असतात मज्जारज्जूच्या टोकाशी, म्हणजे कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी. आणि पाठीचा कणा सर्वाधिक मोडतो तोही याच पट्ट्यात, छाती आणि कंबर यांच्या सांध्याला. म्हणून एकाच मणक्याच्या दोन रुग्णांत पोटाचे गणित उलटे असू शकते. एक्स-रेवरून ते कळत नाही. हातमोजा घालून गुदपरीक्षा करावी लागते.

गुदद्वार घट्ट आणि त्वचेला टोचल्यावर आवळत असेल, तर खालचे प्रतिक्षिप्त चक्र शाबूत आहे. मळ धरला जातो, सुटत नाही. जेवणानंतर किंवा सकाळच्या गरम चहानंतर अर्ध्या तासात आतडे आपणहून सरकते. ती वेळ साधून सपोझिटरी ठेवावी, बोटाने हलके गोलाकार चेतवावे. मळ मऊ पण बांधीव हवा. गुदद्वार ढिले आणि प्रतिसादशून्य असेल, तर सपोझिटरीचा बहुधा उपयोग नाही. तिथे मळ थोडा घट्टच ठेवून रोज हाताने काढावा लागतो. अशा रुग्णाला जुलाबाचे औषध लिहिले की तो दिवसभर गळत राहतो, घरचे अंथरुणे धुतात, मग तो जेवणच सोडतो. हे औषध आमच्या मते सवयीने लिहिले जाते, परीक्षा करून नव्हे.

आज असे रुग्ण भूकंपातून येत नाहीत. विहिरीत पडलेला, झाडावरून कोसळलेला, दुचाकीवरून फेकला गेलेला तरुण येतो. शस्त्रक्रिया मोठ्या शहरात होते आणि उरलेली चाळीस वर्षे तो आपल्या, तालुक्याच्या दवाखान्यात काढतो. डिस्चार्ज कार्डावर प्लेट आणि स्क्रूची नोंद असते, गुदपरीक्षेची नसते. ती पहिल्याच भेटीत करावी आणि घरातल्या एका माणसाला मळ काढण्याची रीत हाताने शिकवावी. सून किंवा बायको संकोचते. नर्सने समोर करून दाखवले की शिकते.

दुखापत छातीच्या सहाव्या खंडाच्या वर असेल तर आणखी एक गोष्ट. असा रुग्ण अचानक डोके फुटतेय म्हणाला, चेहऱ्यावर घाम आणि रक्तदाब चढलेला दिसला, तर आधी त्याला बसते करावे, कपडे सैल करावेत, कॅथेटर तुंबले आहे का ते पाहावे. तिथे काही नसेल तर कारण बहुधा गुदाशयात साचलेला मळ. लिग्नोकेन जेली लावून, थोडे थांबून, मगच बोट घालावे. घाईने घातले तर रक्तदाब आणखी चढतो.