भूकंपातून वाचले, निवाऱ्यात दगावले

भूकंपानंतर बातम्यांत झळकतो तो ढिगाऱ्याखाली सापडलेल्यांचा आकडा. जपानमध्ये आणखी एक आकडा वेगळा मोजला जातो, ‘आपत्तीसंबंधित मृत्यूं’चा. ही माणसे हादऱ्यातून वाचलेली, पण नंतरच्या हालअपेष्टांत गेलेली असतात. २०१६ च्या कुमामोतो भूकंपात थेट ५० बळी गेले, तर असे मृत्यू २०० हून अधिक झाले. १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपातही थेट मृत्यूंपेक्षा नंतरच्या मृत्यूंची संख्या जास्त ठरली. यातले सगळे निवाऱ्यात झाले असे नाही. बंद पडलेल्या रुग्णालयांतून हलवावे लागलेले रुग्णही त्यात आहेत. पण निवाऱ्यातले जगणे हे त्याचे एक मोठे कारण आहे.

त्याची सुरुवात अनेकदा शौचालयापासून होते. नळाला पाणी नसते, शौचालये तुंबतात, बाहेर अंधार आणि थंडी. मग माणसे, विशेषतः वृद्ध आणि स्त्रिया, पाणी पिणेच कमी करतात. शरीर कोरडे पडते, रक्त घट्ट होते. त्यात दिवसभर जमिनीवर किंवा मोटारीच्या सीटवर बसून राहिल्यास पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात अडकली, तर जीव जातो. २००४ च्या निगाता भूकंपानंतर मोटारीत झोपणाऱ्यांमध्ये असे मृत्यू झाले आणि हा धोका ठळकपणे पुढे आला.

दुसरा धोका न्यूमोनियाचा. पाणी नसल्याने दात आणि कवळ्या धुतल्या जात नाहीत. तोंडातील जंतू लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरतात. याशिवाय घरात राहिलेल्या गोळ्या, खंडित झोप आणि खारट डबाबंद अन्न यांमुळे रक्तदाब वाढतो.

उपाय महागडे नाहीत. जपानमध्ये पुठ्ठ्याच्या खाटा वापरल्या जातात. त्यामुळे माणूस जमिनीच्या गारठ्यापासून व धुळीपासून दूर राहतो आणि त्याला उठणे-बसणे सोपे जाते. मदतकार्यासाठीचे ‘स्फिअर’ हे आंतरराष्ट्रीय निकष सुरुवातीला ५० माणसांमागे आणि पुढे २० माणसांमागे एक शौचालय सांगतात. पण खाटा आणि फिरती शौचालये आधीच गोदामात नसतील, तर ती पोहोचेपर्यंत पहिले, सर्वांत धोक्याचे दिवस निघून जातात. म्हणून निवाऱ्याची तयारी करताना ब्लँकेट आणि बिस्किटांच्या आधी शौचालये मोजायला हवीत.