बंदूक बापाची, खांदा मुलाचा

मा. जिल्हाधिकारी तथा जिल्हादंडाधिकारी,
रत्नागिरी यांस,



आमच्या घरी ठासणीची एक बंदूक आहे. शेतीसंरक्षणासाठी मिळालेला तिचा परवाना वडिलांच्या नावावर आहे. वडील ऐंशीच्या घरात आले, गुडघे गेले. घरापुढची पाखाडी उतरायला त्यांना दिवसाउजेडी पाव तास लागतो. भाताचं शेत पाखाडीखाली, वहाळाच्या पलीकडे. रानडुकरं येतात ती रात्री एक-दोनला, भात लोंब्यांवर आलं की नेमानं. गडग्याचा एक चिरा पडला की कळप आत, आणि सकाळी बघावं तर शेतात कुस्तीचा फड झाल्यासारखं. अशा रात्री मी खुंटीवरची बंदूक घेऊन एकटा खाली गेलो, हवेत एक बार काढून परत आलो, तर मी गुन्हेगार ठरतो का?

हा प्रश्न मी आजवर बऱ्याच जणांना विचारला. एक म्हणाला, घरची बंदूक घरच्यानं नेली तर कोण विचारतंय. दुसरा म्हणाला, हात जरी लावलास तरी आत जाशील. तिसऱ्यानं सांगितलं की आपल्या हद्दीत चालतं, रस्त्यावर चालत नाही. चौथे वकील होते. त्यांनी "बघावं लागेल" म्हणून चहा मागवला. शेवटी मी स्वतःच शस्त्र अधिनियम 1959 वाचायला घेतला. सांगायला आनंद वाटतो की कायदा आमच्या वाडीतल्या चर्चेपेक्षा बराच शहाणा आहे. दुःख इतकंच की तो वाडीपर्यंत पोचलेला नाही.

या कायद्याचं कलम 3 सांगतं की परवान्याशिवाय बंदूक घेता येणार नाही, जवळ ठेवता येणार नाही, घेऊन फिरताही येणार नाही. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच कलमाला खाली एक परंतुक जोडलेलं आहे, ते कोणी सांगत नाही. परवानाधारक सोबत असेल, किंवा त्यानं तसं लेखी दिलेलं असेल, तर दुसऱ्या माणसाला स्वतःचा परवाना नसतानाही ती बंदूक नेता येते. मात्र दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी, किंवा परवानाधारकाला वापरता यावी म्हणून. म्हणजे वडील पाखाडी उतरत असतील आणि बंदूक माझ्या खांद्यावर असेल, तर मी कायद्यात बसतो. वडिलांची चिठ्ठी खिशात घालून मी बंदूक दुरुस्तीला नेली, तरी बसतो. पण वडील अंथरुणावर आणि मी शेतात बार काढतोय, हे त्या परंतुकात मला कुठे दिसत नाही. बंदूक मुलानं वाहायची आणि चाप बापानं ओढायचा, असा याचा सरळ अर्थ होतो. माझं वाचन चुकत असेल तर आपण दुरुस्त करावं. हे पत्र त्यासाठीच आहे.

चिठ्ठी किती मोलाची असते, हे मला एकदा कळलेलं आहे. नूतनीकरणाच्या वेळी बंदूक दाखवायला न्यायची होती. वडिलांना बसचा प्रवास झेपणार नव्हता, म्हणून मी ती गोणपाटात गुंडाळली, परवान्याचं पुस्तक घेतलं आणि निघालो. वाटेत एका नाक्यावर अडवलं. नाक्याचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं वाईट नव्हती. त्यांनाही माझ्याइतकंच ठाऊक होतं. पुस्तकावर वडिलांचा फोटो, समोर मी. लेखी काही आणलंय का, विचारलं. आणलं नव्हतं. एक जण म्हणाला, कागद करू. दुसरा म्हणाला, नूतनीकरणाला चाललाय, जाऊ दे. तीन तास मी बाकड्यावर बसून होतो. शेवटी एका वयस्क हवालदारानं घरी फोन लावायला सांगितला, वडिलांशी बोलले आणि म्हणाले, "पुढच्या वेळी चार ओळी लिहून आणा." पुढच्या वेळी मी चार ओळी नेल्या. कोणी विचारलंही नाही.

आज ही गोष्ट हसत सांगता येते. पण 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याशिवाय साधी बंदूक बाळगल्याची शिक्षा किमान दोन वर्षं आणि कमाल पाच वर्षं झाली आहे. पूर्वी ती एक ते तीन वर्षं होती. चार ओळींची चिठ्ठी असणं आणि नसणं, यात एवढं अंतर आहे. आणि महोदय, कलम 39 प्रमाणे कलम 3 खालचा खटला जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीशिवाय दाखलच होत नाही. म्हणजे शेतकरी कोण आणि चोरटा शिकारी कोण, याची चाळणी कायद्यानं आपल्याच हाती दिलेली आहे. म्हणून हे पत्र मंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहितो आहे.

आमच्या बंदुकीला कायद्यानं कमी लेखलेलं नाही, हेही इथे नोंदवतो. इंग्रजांचा 1878 चा शस्त्र कायदा लोकांच्या हातातलं शस्त्र काढून घ्यायला केलेला होता. स्वतंत्र भारतानं 1959 साली तो बदलला, तेव्हा कलम 13 मध्ये खऱ्याखुऱ्या शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असं लिहिलं. नाकारायचा तर कलम 14 मधली कारणं हवीत. ठासणी अपुरी पडते अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तर 20 इंचांहून कमी नळी नसलेली दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देण्याची मुभाही ठेवली. दिल्लीत बसून हे लिहिणाऱ्याला शेताचा बांध माहीत असावा. मधल्या काळात बंदूक म्हटलं की गुंड, हे समीकरण इतकं पक्कं झालं की परवान्याची चौकशी करायला गेलेला शेतकरी आधी स्वतःच खाली बघू लागतो.

याचा अर्थ आम्ही सगळे साधू आहोत असा नाही. शेतीसंरक्षणाच्या नावाखाली रात्री गाड्यांना झोताचे दिवे लावून शिकारीला जाणारे आमच्यातच आहेत. सोबत्यालाच जनावर समजून गोळी घातल्याच्या बातम्या कोकणात अधूनमधून येतात. त्यांच्यावर खुशाल कारवाई करा, एक शब्द बोलणार नाही. पण बंदुकीची भीती वाढली की रानात काय होतं, तेही पाहा. तारेच्या फासक्या वाढतात. फासकीला परवाना लागत नाही, आवाज होत नाही, लावणारा सापडत नाही. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकतो, आणि वनखात्याची माणसं पिंजरा घेऊन धावतात. हवेत काढलेल्या एका बारानं जे काम झालं असतं, त्याची किंमत बिबट्या मोजतो.

डुकराचं म्हणाल तर तिथे दुसरा कायदा उभा. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या दुसऱ्या अनुसूचीत रानडुक्कर आहे. वडिलांच्या परवान्यानं बंदूक ठेवायची परवानगी दिली. डुक्कर मारायची दिलेली नाही. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराला मारायचं तर कलम 11 खाली वनखात्याची लेखी परवानगी वेगळी हवी. कित्येक परवानाधारक ही दोन्ही परवानग्या एकच समजतात. संगमेश्वर, चिपळूण, खेडच्या सह्याद्रीलगतच्या गावांना आणखी एक गाठ आहे. अभयारण्याच्या 10 किलोमीटर परिसरातल्या परवानाधारकानं आपलं नाव वन्यजीव विभागाकडे नोंदवायचं असतं, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना द्यायचा तर त्या विभागाची संमती लागते. एका बाजूला चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान, दुसऱ्या बाजूला कोयनेचं अभयारण्य. आपलं घर त्या 10 किलोमीटरांच्या आत की बाहेर, हे घाटाखालच्या शेतकऱ्यानं दोरी लावून मोजायचं का?

एअरगनवाल्यांचं वेगळंच. ती खेळणं म्हणून विकली जाते आणि माकडांवर रोखली जाते. 20 ज्यूलहून जास्त ऊर्जेची असेल तर तिलाही परवाना हवा. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकानंतर ज्यूल आमच्या वाडीत फिरकलेला नाही.

मनाई आदेशाची गोष्ट तर घरोघरची. सण, मोर्चे, निवडणुका आल्या की महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली आदेश निघतो आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर छापून येतो. त्यात बंदुका, तलवारी, भाले, सुरे यांच्या बरोबरीनं सोटे, लाठ्या आणि काठ्याही असतात. आता कमरेच्या आकडीला कोयती लावल्याशिवाय आमचा माणूस बागेत जात नाही. शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचं हत्यार शस्त्र मानलं आहे, पण घरकाम आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. कलम 37 चा आदेश मात्र इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू म्हणतो. कोयती बागेत अवजार असते. ती लावूनच माणूस बाजारपेठेत चहाला टेकला तर काय होते? बहुतेक वेळा काहीच नाही, हे मलाही कळतं. पण समोरचा पोलीस समजूतदार निघेल या भरवशावर किती दिवस काढायचे?

आता निवडणुकीत बंदूक जमा करण्याबद्दल. 2024 साली लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली, आमच्याकडे मतदान 7 मे रोजी झालं आणि निकाल 4 जूनला. काजूची बी आणि हापूसचा हंगाम यांचं वेळापत्रक काढा, तंतोतंत तेच. त्याच वर्षी विधानसभेची घोषणा 15 ऑक्टोबरला, निकाल 23 नोव्हेंबरला. तेव्हा भाताची कापणी-मळणी. निवडणूक आयोगानं हंगाम बघून तारखा काढल्या नसतील, पण डुकरांनी आणि वानरांनी बघितल्या असाव्यात असं वाटावं.

कोकणात निवडणूक आली की बंदूक जमा करा, हा निरोप गावात आधी पोचतो, मतदानाची तारीख मागाहून. वास्तविक आयोगाच्या सूचना सरसकट जमा करायला सांगत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाच्या निकालानंतर आयोगानं 2009 मध्ये छाननी समितीची पद्धत घालून दिली. जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांनी एकेक परवाना तपासायचा; जामिनावर सुटलेला, गुन्ह्यांचा इतिहास असलेला, दंगलीत सामील झालेला असे परवानाधारक निवडायचे आणि त्यांना नोटीस द्यायची. माझ्या वडिलांचा इतिहास विचाराल, तर गावच्या शिमग्यात एकदा पालखीच्या मानावरून त्यांनी आवाज चढवला होता. तोही 1980 च्या आसपास.

याच सह्याद्रीच्या दक्षिणेला कर्नाटकातला कोडगू जिल्हा आहे. तिथल्या कोडव समाजाला आणि ‘जम्मा’ या वंशपरंपरागत जमिनीच्या धारकांना इंग्रजांच्या काळापासून बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे. केंद्रानं 2019 साली ती 2029 पर्यंत वाढवली, आणि कर्नाटक उच्च न्यायालयानं 2021 साली ती उचलून धरली. मला तशी सूट नको. परवाना असावा, चौकशी व्हावी, बंदूक कोणाच्या हाती आहे ते सरकारला ठाऊक असावं, याच मताचा मी आहे. हेवा वाटतो तो एवढ्याचाच, की आपण कायद्याच्या कुठल्या बाजूला उभे आहोत हे तिथल्या माणसाला नेमकं माहीत असतं.

आमच्याकडे ते माणूस मेल्यावरही माहीत नसतं. परवानाधारक वारला की बंदूक बाळगणं कायदेशीर राहत नाही. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. कलम 21 तसं सांगतं. वारसाला आपल्या नावावर परवाना मागता येतो, ती पुढची गोष्ट. पण घरात तेराव्याची गडबड असते, मुंबईकर भाऊ परत निघालेले असतात, खुंटीवरच्या बंदुकीची आठवण कोणाला येणार? ती तिथेच राहते. खंडेनवमीला तिला गंध लागतं, झेंडूची माळ चढते. पूजा करणाऱ्याला कल्पनाही नसते की तो ज्या वस्तूसमोर हात जोडून उभा आहे, तिच्यापायी दोन वर्षांची कैद होऊ शकते.

महोदय, मला नवा कायदा नको, शिथिलता नको, एक खिडकी योजना तर मुळीच नको. मला एक पान हवं आहे. साध्या मराठीत, आपल्या सहीचं. परवानाधारकाची बंदूक दुसऱ्यानं कधी न्यायची, चिठ्ठीत काय लिहायचं. म्हाताऱ्या परवानाधारकाच्या परवान्यावर घरच्या एका सज्ञान माणसाचं किंवा रखवालदाराचं नाव चढवता येतं का; येत असेल तर कुठल्या टेबलावर, किती दिवसांत. अभयारण्याच्या 10 किलोमीटरांत आमच्या जिल्ह्यातली कोणती गावं येतात, त्यांची नावं. निवडणुकीत बंदूक जमा करण्याची नोटीस कोणाला येणार, आणि ज्याला आली नाही त्यानं काय करायचं. घरातला परवानाधारक वारला तर पहिल्या आठवड्यात काय करायचं. तेच पान पोलीस ठाण्यांनाही पाठवा, म्हणजे नाक्यावरचा हवालदार आणि गोणपाट घेतलेला शेतकरी एकच मजकूर वाचतील.

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर जागा आहे. मागच्या वर्षीचं लसीकरणाचं पत्रक अजून तिथेच आहे. भात पोटरीला यायच्या आत त्याच्या शेजारी हे पान लागावं, ही विनंती.

आपला,
एक बागायतदार
जिल्हा रत्नागिरी