चालकाचा चाकू आणि कायद्याचे माप

मराठी भाषेत सुताराच्या करवत-पटाशीलाही हत्यारेच म्हणतात. अवजार आणि शस्त्र यांतील अंतर आपल्या बोलीने फारसे मानलेले नाही. वस्तू कोणाच्या हातात आहे, कोठे आहे आणि कशासाठी आहे, यावरून लोकव्यवहार तो भेद करीत आला. कायद्याला मात्र हा भेद शब्दांत आणि मापांत बांधावा लागतो. तो बांधताना कोणती विसंगती निर्माण होते, हे पाहावयाचे असेल तर मालमोटार चालविणाऱ्याच्या खिशातील साध्या चाकूचे उदाहरण पुरेसे आहे.

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातील दोन तालुके मालवाहतुकीच्या मोठ्या प्रवाहावर वसलेले आहेत. शिरूरमधून पुणे-अहिल्यानगर मार्ग जातो. दौंड तालुक्यातून पुणे-सोलापूर महामार्ग जातो. न्हावरा-चौफुला रस्ता या दोन्ही मार्गांना जोडतो. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहती, उसाचा हंगाम आणि कांद्याची आवक यांमुळे येथे दूरदूरच्या प्रांतांतील मालमोटारी अहोरात्र ये-जा करतात. या गाड्यांवरील चालकाला चाकू लागतो तो अगदी किरकोळ कामांसाठी. ताडपत्रीचा अडकलेला दोर कापणे, पोत्याची सुतळी तोडणे, विजेच्या तारेचे आवरण सोलणे, रस्त्याकडेला स्टोव्ह पेटवून कांदा-मिरची चिरणे, ही त्याची रोजची गरज. चाकूवाचून त्याचे काम चालत नाही.

या चाकूविषयी कायदा काय म्हणतो? १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने ‘शस्त्रे’ या संज्ञेची व्याख्या करताना केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगासाठी बनविलेल्या वस्तू तिच्यातून वगळल्या आहेत, आणि उदाहरणादाखल लाठी व साध्या हातकाठीचा उल्लेख केला आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी धारदार शस्त्रांच्या वर्गासाठी पात्याचे माप दिले आहे : लांबी नऊ इंचांहून अधिक अथवा रुंदी दोन इंचांहून अधिक. घरगुती, शेतीविषयक, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी घडविलेली पाती त्यातूनही वगळलेली आहेत. माप आणि हेतू, अशा दोन्ही कसोट्या येथे आहेत. तीन-चार इंची पात्याचा घडीचा चाकू त्या दोन्हींवर सहज उतरतो.

परंतु प्रश्न येथे संपत नाही. १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम, जो आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो, त्याचे कलम ३७ सार्वजनिक शांततेसाठी पोलीस आयुक्तांना व जिल्हा दंडाधिकाऱ्यांना मनाई आदेश काढण्याचा अधिकार देते. त्या कलमात तलवारी, भाले, बंदुका यांच्या जोडीला सुरे आणि लाठ्याही आहेत, आणि शारीरिक इजा करण्यास उपयोगी पडेल अशी कोणतीही वस्तू आहे. ज्या लाठीला एका कायद्याने शस्त्र मानण्याचे नाकारले, तीच दुसऱ्या कायद्याच्या आदेशानंतर हातात बाळगणे गुन्हा ठरते. चाकूच्या इंचांना तेथे किंमत उरत नाही. आदेशाचा भंग झाल्यास कलम १३५ नुसार एक वर्षापर्यंत कारावासाची शिक्षा आहे, आणि कारणे लेखी नोंदविल्याखेरीज ती चार महिन्यांहून कमी करता येत नाही.

सणासुदीला, निवडणुकीला वा तणावाच्या प्रसंगी असे आदेश निघणे स्वाभाविक आहे. शांतता राखणे हे प्रशासनाचे कर्तव्य आहे, आणि पोलिसांचा संशयही निराधार नाही. २०२२ आणि २०२३ मध्ये पुणे शहरात कोयते घेऊन दहशत माजविणाऱ्या टोळक्यांनी नागरिकांची झोप उडविली होती. वस्तुतः कोयता हे ऊसतोड कामगाराच्या पोटापाण्याचे साधन. गुंडाच्या हाती गेल्याने ते बदनाम झाले. तथापि आदेशाची वार्ता ज्याच्यापर्यंत पोहोचावयास हवी, त्या परप्रांतीय चालकापर्यंत ती पोहोचते काय? मध्यरात्री जिल्ह्याची हद्द ओलांडणारा राजस्थानचा वा तमिळनाडूचा चालक येथील मराठी वृत्तपत्र वाचीत नाही आणि तहसील कचेरीचा फलकही पाहत नाही. चाकू जप्त होण्याने त्याचे फारसे बिघडत नाही. मात्र गुन्हा नोंदला गेल्यास शेकडो मैलांवरून न्यायालयाच्या तारखांना यावे लागते, गाडी अडकते, मालकाचा विश्वास उडतो आणि कदाचित नोकरीही जाते.

उलट दिशेने जाणाऱ्या आपल्या चालकाची स्थितीही निराळी नाही. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने बटणाच्या व खटक्याच्या चाकूंना ७.६२ सेंटिमीटर लांबीच्या पात्यापासूनच निर्बंध घातले. म्हणजे येथील नऊ इंचांचा हिशेब तेथे तीन इंचांवर येतो. म्हणूनच चालकाने चाकू निवडताना धाकापेक्षा कामाचा विचार करावा, हे उत्तम. पाते तीन इंचांच्या आत असावे आणि हातानेच उघडावे. बटण दाबताच उसळणारा रामपुरी तर सर्वथा टाळावा. तो कमरेला वा उशाखाली न ठेवता पाना-पक्कडीच्या पेटीत ठेवावा. अवजारांत सापडलेला चाकू आपला हेतू स्वतःच सांगतो. उशाखाली सापडलेल्या चाकूचा हेतू मात्र चालकाला सांगत बसावे लागते.

उशाखाली चाकू ठेवण्यामागील भीती खोटी नाही. उभ्या गाडीतून डिझेल व माल चोरणारे आणि प्रसंगी चालकास मारहाण करणारे महामार्गांवर असतात. भारतीय न्याय संहितेने, पूर्वीच्या दंड संहितेप्रमाणेच, खासगी बचावाचा हक्क मान्य केला आहे. परंतु आवश्यकतेहून अधिक इजा करण्याची मुभा दिलेली नाही. अंधारात, झोपेतून उठलेल्या माणसाने हे प्रमाण कसे राखावे? चाकू त्याला संरक्षण देण्यापेक्षा आरोपी करण्याचीच शक्यता अधिक. चालकाचे खरे संरक्षण उजेडाच्या, राखणदार असलेल्या वाहनतळांत आणि रात्रीच्या गस्तीत आहे, आणि ती जबाबदारी शासनाची आहे.

यासाठी कायदा बदलण्याची आवश्यकता नाही. मनाई आदेशांतून अपवाद करण्याची रीत आजही आहे. काही आदेशांत चौकीदाराला साडेतीन फुटांपर्यंतची काठी बाळगण्यास मुभा असते. काठीला फुटांचे माप लावता येत असेल, तर वाहनातील अवजारपेटीत ठेवलेल्या लहान चाकूलाही इंचांचे माप लावून मोकळीक देता येईल. आदेशाचा सारांश मराठीबरोबर हिंदीतही टोलनाक्यांवर, मोठ्या ढाब्यांवर आणि औद्योगिक वसाहतींच्या प्रवेशद्वारांवर लावला जावा. गुन्हा नोंदविण्यापूर्वी चाकूचे माप, तो सापडल्याची जागा आणि चालकाचे काम यांची नोंद पंचनाम्यात व्हावी. कायद्याविषयीचे अज्ञान हा बचाव होऊ शकत नाही, हे तत्त्व योग्यच आहे. पण कायदा कळविण्याचे कर्तव्य शासनाने पार पाडल्यावरच त्या तत्त्वाचा आधार घेणे त्याला शोभेल.