सातशे रुपयांची परहेजगारी

जुम्याच्या नमाजनंतर चपला शोधत होतो, तेवढ्यात एका तरुणाने गाठले. "सर, इन्शुरन्स हराम आहे ना? मग गाडीचा काढायचा की नाही?" मी आलिम नाही, उर्दू-मराठी शिकवणारा मास्तर आहे. तरी तानसा, आटगाव, खर्डीच्या पट्ट्यात हा प्रश्न मला वरचेवर ऐकावा लागतो. म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

त्याची शंका पोकळ नाही. व्यापारी विम्याच्या करारात मोठी अनिश्चितता असते, म्हणून जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने 1985 मध्ये तो नाजायज ठरवला. परस्पर सहकार्याचा विमा मात्र जायज मानला. मलेशियात त्यासाठी 1984 मध्येच तकाफुल कायदा झाला. आपल्याकडे ती सोय नाही.

पण गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात, हे बहुतेकांना ठाऊक नसते. एक आपल्या गाडीच्या नुकसानीचा. कायदा तो सक्तीने काढायला सांगत नाही. ज्याचे मन मानत नाही त्याने तो काढू नये. दुसरा थर्ड पार्टीचा. त्यातला एक रुपयाही आपल्या खिशात येत नाही. आपल्या गाडीने ज्याला धक्का बसला, त्याला किंवा त्याच्या घरच्यांना तो मिळतो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 146 नुसार तो सक्तीचा आहे.

आता दीन काय सांगतो ते पाहू. सूरह निसाच्या 92 व्या आयतीत चुकून झालेल्या हत्येचाही हिशेब आहे. कफ्फारा अल्लाहसाठी आणि दियत मृताच्या घरच्यांसाठी. चूक होती, इरादा नव्हता, एवढे म्हणून सुटका नाही. ही दियत एकट्याला झेपणार नाही, म्हणून ती त्याच्या 'आकिला'ने, म्हणजे भाऊबंदांनी, मिळून भरायची असा नियम होता. आज आपला आकिला कुठे आहे? भावकी वर्गणी काढून पाच लाख भरेल?

पाच लाखांचा आकडा मी उगाच घेतलेला नाही. अपघातात माणूस गेला, तर चूक कोणाची हे सिद्ध न करताही कलम 164 खाली 5 लाख द्यावे लागतात. विमा असेल तर कंपनी देते, नसेल तर मालक. संध्याकाळी हायवेच्या कडेने बाजाराची पिशवी घेऊन चालणारा कातकरी किंवा ठाकूर मजूर डोळ्यांसमोर आणा. मालकाकडे त्या मोटारसायकलीशिवाय काहीच नसेल, तर निकाल लागूनही विधवेच्या हाती फक्त कागद राहतो. हा हक्कुल इबाद आहे. तो बंद्याने माफ केल्याशिवाय माफ होत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो.

2022 च्या दराने 75 ते 150 सीसीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी विमा वर्षाला 714 रुपये, वर कर. कडू वाटेल, पण बोलतो. गाडी व्याजाच्या हप्त्यावर घेताना फतवा कोणाला आठवत नाही, तो या सातशे रुपयांना आठवतो. याला तकवा म्हणत नाहीत.

माझाही एक गुन्हा कबूल करतो. जुनी गाडी विकली तेव्हा फॉर्म 29 आणि 30 वर सह्या केल्या, पैसे घेतले आणि विसरलो. नाव बदललेच नव्हते. दोन वर्षांनी चौकीतून फोन आला, तेव्हा घाम फुटला. नशिबाने अपघात किरकोळ होता. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्टच सांगितले आहे की गाडी कितीही हातांत फिरली तरी भरपाईसाठी नोंदणीवर ज्याचे नाव तोच मालक. म्हणून नोटरीच्या कागदावर गाडी देऊ नका, घेऊ नका.

त्या तरुणाला मी एवढेच विचारले, "तुझ्या पॉलिसीची तारीख कधीची?" तो खाली बघत म्हणाला, "संपून आठ महिने झाले, सर." मग म्हटले, "बाळा, आज गाडी घरीच ठेव. पुढच्या जुम्याला हराम-हलालवर सविस्तर बोलू. आधी रस्त्यावरच्या माणसाचा हक्क."