भाषेचं डेटा बुक

मशीन डिझाइनच्या पेपरला डेटा बुक नेऊ देतात, हे मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको. पण ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेला महाभाग मी अजून पाहिलेला नाही. स्प्रिंग काढायची तर स्प्रिंगचं पान, बेअरिंग निवडायचं तर बेअरिंगचं. काम झालं की पुस्तक बंद! परकी भाषा शिकताना व्याकरणाचा जाडजूड संदर्भग्रंथ अगदी असाच वापरावा, असं माझं मत आहे. आणि तो वापरताना शेजारी आपली मराठी उघडी ठेवावी, हे त्याहून ठाम मत.

"परकी भाषा म्हणजे जर्मन ना? प्लेसमेंटसाठी?" नाही हो, इंडोनेशियन! माझा मामेभाऊ मर्चंट नेव्हीत आहे. त्याच्या जहाजावर बरेच खलाशी इंडोनेशियन. सुट्टीत आला की तो त्यांचे शब्द सांगायचा, त्यातून मला नाद लागला. ही सत्तावीस कोटींहून जास्त लोकसंख्येच्या देशाची राष्ट्रभाषा. तिथे जावानीज बोलणारे सर्वांत जास्त, तरीही २८ ऑक्टोबर १९२८ रोजी तिथल्या तरुणांनी मलय भाषेला 'बहासा इंडोनेशिया' म्हणून आपलं मानलं. 'बहासा' म्हणजे आपलीच 'भाषा'. 'सुआमी' म्हणजे नवरा. हा शब्द 'स्वामी'वरून आलाय, त्यामुळे मुलींनी रागावू नये.

जर्मन-जपानीसाठी लोणावळ्याहून लोकलने पुणं गाठता येतं. इंडोनेशियनचा क्लास मात्र मला मिळाला नाही. मग काय, मोबाइलवरचं ॲप. ते उत्तर चुकलं की लाल करतं, का चुकलं ते सांगत नाही. डिक्शनरीचीही तीच गत. 'मेनुलिस' हा शब्द 'म'खाली शोधला तर सापडत नाही, कारण मूळ शब्द आहे 'तुलिस', म्हणजे लिहिणं. आता 'त' गेला कुठे?

उत्तर मिळालं ते ऑस्ट्रेलियातले अभ्यासक जेम्स स्नेडन यांच्या व्याकरणात. हा ग्रंथ १९९६ साली आला, सुधारित आवृत्ती २०१० ची. त्यात नियम दिलाय : क्रियापदामागे 'मे' लागतो आणि पुढच्या अक्षराप्रमाणे एक अनुनासिक येतं. इंग्रजी वाचकाला हे कोष्टक पाठ करावं लागतं. आपल्याला? पहिलीतली मुळाक्षरं आठवा. पवर्गाचं अनुनासिक म, तवर्गाचं न, कवर्गाचं ङ. 'बाचा'चं (वाचणं) होतं 'मेम्बाचा', 'पाकाइ'चं (वापरणं) 'मेमाकाइ', 'तुलिस'चं 'मेनुलिस', 'किरिम'चं (पाठवणं) 'मेङिरिम'. 'आंबा' म्हणताना अनुस्वाराचा म् होतो आणि 'दंत' म्हणताना न्, तोच हा प्रकार. जादा लक्षात ठेवायचं ते एवढंच की प, त, क, स ही चार अक्षरं गळतात, आणि 'स'च्या जागी ञ येतो. अर्ध्या तासाचं काम.

दुसरं उदाहरण 'किता' आणि 'कामी'चं. इंग्रजीत दोन्हींना 'वी', त्यामुळे फरक समजावून सांगावा लागतो. मराठीत एका ओळीत संपतं : किता म्हणजे आपण, कामी म्हणजे आम्ही. "आपण भुशी डॅमला जाऊ" आणि "आम्ही भुशी डॅमला जातोय" यातला फरक ज्याला घरी बसावं लागलंय त्याला विचारा! हिंदीतही दोन्हींना 'हम'च. म्हणजे इथे आपण सगळ्यांच्या पुढे आहोत, फक्त आपल्याला ते माहीत नसतं.

माहीत नसतं, कारण मराठीचं व्याकरण आपण दहावीच्या पेपरबरोबर सोडून देतो. आमच्या होस्टेलवर पाटण्याचा एक मित्र मराठी शिकतोय. त्याने विचारलं, "'त्याने खाल्लं' असं म्हणता, मग 'मीने खाल्लं' का नाही? हिंदीत 'मैंने' आहे ना?" अख्ख्या विंगचं एकच उत्तर : "असंच असतं." हे उत्तर वायवाला देऊन बघा! खरं उत्तर जुन्या व्याकरणांत आहे. तिथे 'ने' लागायला हवा, पण 'मी' आणि 'तू' यांची तृतीया आता प्रथमेसारखीच दिसते. पूर्वी 'मी'चं तिथे 'म्या' व्हायचं. पवन मावळातली माझी आजी अजूनही "म्या सांगितलं व्हतं" म्हणते. तिला आपण गावंढळ म्हणून हसतो, आणि व्याकरण तिच्या बाजूने उभं आहे.

आता कुणी म्हणेल, भाषा बोलून येते, व्याकरण वाचून नाही. कबूल. डेटा बुक वाचून गिअरबॉक्स तयार होत नाही, वर्कशॉपमध्ये हात काळे करावेच लागतात. माझंही इंडोनेशियन भावाच्या जहाजावरच्या दोस्तांशी फोनवर बोलूनच सुधारतंय. पण अडल्यावर "असंच असतं" म्हणून पुढे गेलं की तीन आठवड्यांत भाषा सुटते. नेमकं पान उघडलं की ती टिकते.

म्हणून लायब्ररीला एक विनंती. डेटा बुकच्या गठ्ठ्याशेजारी मोरो केशव दामले यांचं १९११ सालचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' ठेवा. दादोबा पांडुरंगांनी तर १८३६ सालीच मराठीचं व्याकरण छापलं होतं, म्हणजे परंपरा काही कमी नाही. त्याच्याजवळ इंग्रजीतली दोन-चार परभाषांची व्याकरणंही हवीत. इश्यू नाही केली तरी चालतील, संदर्भासाठी तिथेच राहू द्या. पाटणेकराला घेऊन सर्वांत आधी मीच येईन.