समुद्र कुणाच्या बापाचा?

मे महिना आला की कोकणच्या किनाऱ्यावर दरवर्षी एक भांडण उगवतं. एका बाजूला गाववाले, दुसऱ्या बाजूला पाव्हणे. पेपरात फोटो येतो. भरतीच्या पाण्यात रुतलेली गाडी, गाडीच्या टपावर पुण्या-मुंबईची पोरं आणि किनाऱ्यावर कमरेवर हात ठेवून उभा गाववाला. मग विद्वान लिहायला बसतात. कोकणी माणूस तिरसट आहे काय? पर्यटक बेशिस्त आहे काय? पावसाची पहिली सर येते, हॉटेलं अर्धी रिकामी होतात आणि विद्वानही गप होतात.

दोस्तांनो, या भांडणात एक तिसरा माणूस आहे. त्याचा फोटो येत नाही. फोटो निघत असतो तेव्हा तो वाकून बाटल्या उचलत असतो. पाव्हणा त्याला गाववाला समजतो. गाववाला त्याला गावाबाहेरचा समजतो. हे संपादकीय त्या माणसाबद्दल आहे.

आधी गाववाल्यांची बाजू सांगतो, कारण ती खोटी नाही. वाळू ही काही रिकामी जागा नसते. मालवणकडे त्याच वाळूवरून रापण ओढतात. होड्या तिथं वर काढतात, मासळी तिथं सुकते. त्याच वाळूवर पाव्हण्याची गाडी गरगर फिरते, आणि जाळ्याच्या आड येऊन वर तोच विचारतो, 'ये क्या कर रहे हो?' भरती-ओहोटी सांगितलेली ऐकत नाहीत. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुड-जंजिऱ्याच्या समुद्रात सहलीला आलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. अशा बातम्या आल्या की गाव आठवडाभर जेवत नाही. दारू पिऊन धिंगाणा, रात्रभर गाणी, सकाळी वाळूत फुटक्या काचा. गाववाल्याला राग आला तर चुकलं काय?

पण हा रागावलेला गाववाला कोण, हे मला मागच्या मे महिन्यात कळलं.

भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून मांडव्याला रो-रो बोट जाते. शनिवारी सकाळी तिच्या पोटात गाड्यांची रांग शिरते. गाडीत कुत्री, टोप्या, हवा भरलेली प्लास्टिकची बदकं. आम्ही तिथून जवळच गोदीत माल उतरवतो. वर्षभर दुसऱ्याची सुट्टी बघून बघून आम्ही चौघांनी ठरवलं, साला एकदा आपणही पैसे मोजून पाव्हणे व्हायचं. चाकरमानी म्हणून नाही, कुणाच्या लग्नाला नाही, मयताला नाही. नुसतं समुद्र बघायला.

दापोलीकडचा एक किनारा धरला. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ही गोष्ट एकाच गावाची नाही. फोनवर खोली ठरली, अर्धे पैसे आगाऊ गेले. दारात पोचलो तर मालकानं हसून कोकम सरबत दिलं. मग वही उघडली. आधार कार्ड बघितलं. आडनाव वाचलं.

"मूळ गाव कुठलं तुमचं?"

सांगितलं.

"वाडी कुठली?"

कोकणात हा प्रश्न पत्ता शोधायला विचारत नाहीत. सांगितलं, बौद्धवाडी. वही मिटली.

"काय आहे ना, घरात आईचं सोवळं असतं. स्वयंपाकघर एकच आहे. तुम्ही समजून घ्या."

मालक प्रामाणिक होता. पैसे तिथल्या तिथं परत केले. भिंतीवर परदेशी पाव्हण्यांबरोबर काढलेले त्याचे फोटो लावलेले होते. त्यांची वाडी कुणी विचारली असेल? आम्ही निघालो तेव्हा सरबताचे चार ग्लास पायरीवरच होते. ते कुणी उचलले, कशानं धुतले, हे बघायला मी थांबलो नाही.

रात्री डोंगराच्या अंगाला बौद्धवाडीत आतेकडं गेलो. आते त्याच किनाऱ्यावर तीन घरांच्या चादरी धुते, खोल्या झाडते, संडास घासते. झालं ते सांगितलं. ती रागावली नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, "त्याचे संडास मीच घासतंय बाबू. मागच्या दारानं जातंय."

म्हणजे सोवळं पुढच्या दाराला आहे. मागच्या दारातून आमचा हात चालतो, आमचा घाम चालतो. पुढच्या दारातून आमचं आडनाव चालत नाही.

सकाळी तोंड धुवायला पाणी मागितलं तर आतेनं तांब्या भरून दिला आणि हंड्यात डोकावून बघितलं. "हिरीत पाणी नाय. टँकर येतो तो तकडं खाली जातो. आमच्याकडं चढत नाय, रस्ता कच्चा हाय म्हणतात." खाली तकडं म्हणजे जिथं पाव्हणा दिवसातून दोनदा समुद्रात बुडतो आणि दोनदा गोड्या पाण्यानं खारटपणा धुतो.

मी विचारलं, "आते, तू कधी समुद्रावर जातेस?"

"कालवं काढाया गेलंय. बसाया नाय गेलंय कधी."

साठ वर्षं झाली तिला समुद्राचा आवाज ऐकत. बसायला नाही गेली कधी.

आता बोला, या भांडणात आते कोण? स्थानिक की पाहुणी?

ही व्यवस्था काल जन्मली नाही. कोकणात खोत होता. कुळानं पिकवायचं, खोतानं न्यायचं. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ला संप पुकारला आणि वर्षानुवर्षं जमीन पडीक ठेवली, पण खोतापुढं वाकले नाहीत. १९३७ ला बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करायचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी त्यासाठी मुंबईत मोर्चानं आले. त्यात महारही होते, कुणबीही होते. कायद्यानं खोती जायला १९४९ उजाडलं. खोती गेली, खोताचा वाडा राहिला. आज तो 'हेरिटेज' झालाय. पाव्हणा त्याच्या ओटीवर झोपाळ्यात बसून फोटो काढतो. त्या ओटीखाली कोण उभा राहायचा, ते माहितीपत्रकात छापत नाहीत.

१९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. पुढं सगळ्या किनाऱ्यालाच तो वारा लागला. बागायतदार खोल्या बांधून मालक झाला. ज्याची रस्त्याकडेला जमीन होती तो ढाबेवाला झाला. ज्याची होडी होती त्यानं पाव्हण्यांना डॉल्फिन दाखवले. ज्याच्याकडं यातलं काहीच नव्हतं, त्याच्याकडं झाडू होता. झाडू झाडूच राहिला. वतनाची जी काही हाडकी-हाडोळ्याची तुकडा-तुकडा जमीन होती, ती १९५८ च्या कायद्यानं वतन गेल्यावर आपल्या नावावर व्हायची होती आणि सरकारच्या परवानगीशिवाय विकता येणार नव्हती. दोस्तांनो, आपल्या वाडीतल्या त्या तुकड्यांचा सातबारा कधी काढून बघितलाय? आज त्यावर नाव कुणाचं आहे? नसेल बघितला तर आधी बघा, मग कविता लिहा. हे मी मलाही सांगतोय.

आणखी एक गोष्ट, जी जेवताना वाचू नका. किनाऱ्यावरच्या बहुतेक गावांत गटाराची सोय नाही. हॉटेलाखाली सेप्टिक टँक असतो. मे महिन्यात पाव्हणे वाढले की टँक भरतो. त्यात उतरायला कुणाला हाक मारतात? माणसाला मैल्यात उतरवायला २०१३ चा कायदा बंदी घालतो. असा मेलेल्याच्या घरच्यांना १० लाख द्या, असं सुप्रीम कोर्टानं २०१४ ला सांगितलं आणि २०२३ ला ते ३० लाख केले. म्हणजे मरणाचा भाव वाढला. उतरणारा तोच राहिला.

आम्हाला समुद्र नवा नाही. रमाईचे वडील दाभोळच्या बंदरात मासळीच्या टोपल्या डोक्यावरून वाहत होते. ते आपल्याच धंद्यातले, गोदी कामगारांचे पूर्वज. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं. रामजीबाबा पेन्शनीत निघाल्यावर कुटुंब काही काळ दापोलीत होतं. ज्या दापोलीत आज पाव्हण्यांसाठी पाट्याच पाट्या आहेत, तीच दापोली. तेव्हा आम्हाला कुणी 'बाहेरचे' म्हणू नये. हा किनारा आम्ही डोक्यावर वाहिलाय.

याच कोकणात महाड आहे. तळं नगरपालिकेचं. ते सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव १९२४ ला झालेला. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेब पाण्याला हात लावायला गेले तेव्हा लोकांची डोकी फुटली आणि तळं पंचगव्यानं शुद्ध करून घेतलं. हायकोर्टाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षं, एका ओंजळीसाठी.

हा रोग एकट्या कोकणाचा नाही. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात बिलॉक्सी नावाचं सुट्टीचं गाव आहे. २६ मैलांचा वाळूचा किनारा. वाळू सरकारी पैशानं टाकलेली. पण समोर बंगले असलेले गोरे म्हणत, आमच्या दारापुढची वाळू म्हणजे आमची वाळू. काळ्यांनी त्या गावात राबायचं, पाण्यात पाय घालायचा नाही. १४ मे १९५९ ला गिल्बर्ट मेसन नावाचा काळा डॉक्टर मित्रांना आणि पोरांना घेऊन पोहायला उतरला. पोलिसांनी बाहेर काढलं. २४ एप्रिल १९६० ला सव्वाशेच्या आसपास माणसं उतरली. गोऱ्यांचा जमाव साखळ्या आणि लोखंडी नळ्या घेऊन तुटून पडला. पोलीस बघत राहिले. खटला चालला आणि १९६८ ला कोर्टानं किनारा सगळ्यांचा ठरवला. तिथं नऊ वर्षं, इथं दहा. तिथं खारं पाणी, इथं गोडं. मारणारा म्हणायचा तेच दोन्हीकडं: आम्ही स्थानिक, हे आमचं.

म्हणून 'स्थानिकांचा किनारा' ही घोषणा कुणी दिली की मी लगेच टाळी वाजवत नाही. आधी विचारतो, स्थानिकांत आते धरली काय? धरली असेल तर पाव्हण्याच्या गाडीपुढं आडवा पडायला मी पहिला येतो. धरली नसेल तर ते भांडण दोन मालकांचं आहे. एक पैसेवाला, एक जागेवाला. आपण त्यात कुणाचीही काठी व्हायचं नाही.

आणि आता आपल्याच माणसांना दोन शब्द. आपली पोरंही हल्ली गाड्या भाड्यानं घेऊन किनाऱ्यावर जातात. जावं. बापानं बघितला नाही तो समुद्र बघावा. पण आपणही वाळूत बाटल्या फोडून येतो, हे खरं की नाही? ती काच कुणाच्या हातात घुसते? मालकाच्या नाही. आतेच्या. दिवसभर निळं आभाळ बघून जय भीम म्हणायचं आणि रात्री तिच्यासाठी काचा पेरायच्या, याला चळवळ म्हणत नाहीत.

तर करायचं काय? १ मेला गावोगाव ग्रामसभा असते. सीझन तेव्हाच असतो, चाकरमानीही गावाला असतो. या वेळी कॅरम खेळत बसू नका. तुमचं मत मुंबईत असेल तर आईला, चुलत्याला उभं करा आणि मागं तुम्ही उभे राहा. चार प्रश्न विचारा. टँकर कुठल्या वाडीत किती वेळा गेला, त्याची वही दाखवा. सेप्टिक टँक कोण उपसतो, यंत्र की माणूस, ते लिहून द्या. किनारा झाडणाऱ्या बायांना पगार कोण देतं आणि किती, ते मोठ्यानं वाचा. आणि ज्या खोल्यांच्या दारात वाडी विचारली जाते, त्यांचं काय करणार ते सांगा. संविधानाच्या १५ व्या कलमात दुकानं, हॉटेलं, विहिरी, तळी, स्नानाचे घाट, सगळं नाव घेऊन लिहिलंय. भीक मागत नाही आपण, लिहिलेलं वाचून दाखवतोय.

उत्तर येणार नाही, माहीत आहे. पहिल्या वेळी हसतील. दुसऱ्या वेळी 'गावात फूट पाडता' म्हणतील. तिसऱ्या वेळी वही उघडावी लागेल.

ग्रामसभा संपली की एक काम करा. संध्याकाळी आईला, आतेला, मावशीला घेऊन किनाऱ्यावर जा. कालवं काढायला नाही, चादरी वाळत घालायला नाही. पुढच्या रस्त्यानं जा आणि वाळूत बसा. शेंगदाणे घ्या. दिवस बुडेपर्यंत उठू नका. कुणी विचारलं वाडी कुठली, तर मोठ्यानं सांगा.

जय भीम.