ही दवंडी बंद करा!

गरिबाच्या खात्यात किती पैसे आहेत हे साऱ्या रांगेला सांगण्याचा अधिकार बँकांना कोणी दिला? हा प्रश्न आम्ही आज सरळ विचारतो आणि त्याचे उत्तरही सरळ मागतो. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी, सकाळी अकराच्या सुमारास बँकेच्या शाखेत जाऊन उभे राहावे. कोणाची पेन्शन जमा झाली, कोणाच्या मुलाने या महिन्यात पैसे पाठवले नाहीत, कोणाचे सोनेतारण थकले, कोणाच्या नवऱ्याच्या मृत्यूनंतर विम्याचे किती आले, हे सगळे अर्ध्या तासात कळते. त्यासाठी कान देण्याचीही गरज पडत नाही. पूर्वी दवंडी पिटणारा निदान सरकारचा हुकूम सांगत असे. बँकेच्या खिडकीवरची ही दवंडी माणसाच्या घरातले चव्हाट्यावर आणते. आणि ती पिटते कोण? ज्याच्यावर विश्वास टाकून माणसाने आपली पुंजी ठेवली, तीच संस्था!

हे कसे घडते ते जवळून पाहा. जाड काच, तिच्या तळाशी हात जाईल एवढी फट. काचेपलीकडे कॅशियर, अलीकडे पासष्टीची बाई. तिला सही येत नाही, अंगठा आहे. विड्रॉल स्लिप तिने दुसऱ्या कोणाकडून भरून घेतली आहे, म्हणजे रक्कम एका परक्याला आधीच कळली आहे. ती वाकून, दबक्या आवाजात काहीतरी सांगते. “मावशी, मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही!” ती बोलते. मग आतून सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज येतो : “एक लाख ब्याऐंशी हजार शिल्लक आहे. एवढे कशाला काढताय? एफडी करा ना!” मागच्या माणसाची मान पुढे येते. त्याच्या मागचा तिच्या पासबुकात डोकावतो. नोटा मोजण्याच्या यंत्राचा आकडा रांगेकडे तोंड करून लुकलुकतो. एवढ्यावर थांबत नाही. शाखेतच टेबल मांडून बसलेल्या विमा प्रतिनिधीला हाक जाते : “सर, या मावशींना जरा पॉलिसी समजावून सांगा.” पाच मिनिटांत त्या बाईची शिल्लक कॅशियरला, रांगेला, विमावाल्याला आणि दाराशी रेंगाळणाऱ्या रिकामटेकड्याला ठाऊक झालेली असते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपले वाडवडील सांगत आले. बँकेने ती मूठ भर बाजारात उघडली, आणि मूठ जिची होती तिला विचारलेसुद्धा नाही.

आता त्याच शाखेत दहा पावलांवर काय चालते तेही पाहा. मोटारीतून उतरलेला व्यापारी थेट व्यवस्थापकाच्या केबिनमध्ये जातो. दार लागते, चहा येतो, आवाज खाली येतात. त्याच्या खात्यातला एक आकडाही त्या दाराबाहेर पडत नाही. म्हणजे गुप्तता कशी पाळायची हे बँकेला पक्के ठाऊक आहे! ती कोणासाठी पाळायची आणि कोणासाठी नाही, एवढाच बँकेचा निवाडा आहे. आमचा संताप या निवाड्यावर आहे. ज्याच्याकडे कोट्यवधी आहेत त्याचे चार आकडे फुटले तरी त्याचे फारसे बिघडत नाही. ज्या विधवेच्या साऱ्या आयुष्याची कमाई दीड-दोन लाख आहे, तिची रक्कम फुटली की दिराला ती कळते, सावकाराला कळते, पिशवी हिसकावणाऱ्या भामट्यालाही कळते. जिला संरक्षणाची सर्वांत जास्त गरज, तिलाच उघड्यावर उभे करायचे, ही कुठली बँकिंगची नीती?

कोणी म्हणेल, कायद्यात तरतूद नसेल. साफ खोटे! बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा १९७० चा कायदा उघडा. त्याचे १३ वे कलम सांगते की, कायद्याने किंवा बँकांच्या रूढ प्रथेने आवश्यक ठरेल ते प्रसंग सोडता, ग्राहकाच्या व्यवहाराची कोणतीही माहिती बँकेने उघड करू नये. एवढेच नव्हे, प्रत्येक संचालकाने, अधिकाऱ्याने, कर्मचाऱ्याने कामावर रुजू होण्यापूर्वी निष्ठा आणि गुप्ततेचे प्रतिज्ञापत्र लिहून द्यावे, असेही तेच कलम फर्मावते. काचेमागून शिल्लक ओरडणाऱ्याच्याच हाताने एके दिवशी त्या कागदावर सही केलेली असते! सहकारी बँका आणि पतसंस्था म्हणतील, तो कायदा आमचा नव्हे. त्यांनी इंग्लंडमधला १९२४ चा टूर्नियर खटला वाचावा. भारतातली न्यायालयेही त्याचा आधार घेत आली आहेत. तिथे शाखा व्यवस्थापकाने ग्राहकाच्या मालकाशी फोनवर बोलता बोलता त्याच्या खात्यातले उघड केले आणि त्या माणसाची नोकरी गेली. अपील न्यायालयाने बजावले की गुप्तता हा बँक आणि ग्राहक यांच्यातल्या कराराचाच भाग आहे. तिला अपवाद चारच : कायद्याची सक्ती, जनहिताचे कर्तव्य, बँकेच्या स्वतःच्या हिताची गरज आणि ग्राहकाची संमती. या चारांत ‘रांग मोठी होती’ हा अपवाद कुठे आहे?

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये कॅनरा बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केले की कागद बँकेच्या हाती दिले म्हणून ग्राहकाचा त्यांवरचा गोपनीयतेचा हक्क संपत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमुखाने गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला. त्याच्याही आधी, डिसेंबर २०१४ मध्ये, रिझर्व्ह बँकेने ग्राहक हक्कांची सनद काढली. तिच्या पाच हक्कांपैकी एक गोपनीयतेचा आहे. २०२३ चा विदा संरक्षण कायदा तर अनवधानाने झालेल्या उघडीकरणालाही माहितीचा भंग समजतो. मग संगणकाच्या पडद्यावरचा आकडा मोठ्याने वाचून रांगेला ऐकवणे हा भंग नव्हे तर काय आहे? कायदा आहे, निकाल आहेत, सनद आहे, प्रतिज्ञापत्र आहे. नाही ती फक्त पाळण्याची दानत.

गुप्ततेचे नाव घेत बँकिंग क्षेत्र कोणासाठी उभे राहते, त्याचाही पुरावा देशासमोर आहे. बड्या थकबाकीदारांची आणि बँक तपासणीची माहिती नागरिकांनी माहिती अधिकारात मागितली, तेव्हा रिझर्व्ह बँक गोपनीयतेची ढाल पुढे करून सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली. डिसेंबर २०१५ मध्ये जयंतीलाल मिस्त्री प्रकरणात न्यायालयाने तो बचाव फेटाळला. शेकडो कोटी बुडवणाऱ्याच्या नावासाठी देशातले नामांकित वकील उभे राहतात, आणि पन्नास हजारांचे पीककर्ज थकलेल्या शेतकऱ्याचे नाव सोसायटीच्या फलकावर खडूने लिहिले जाते! २०२० च्या फेब्रुवारीत कर्जमुक्तीच्या याद्या गावोगाव लागल्या, तेव्हा कोणाच्या डोक्यावर कर्ज होते हे शाळकरी पोरांनीही वाचले. केरळ उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये अशा फलकबाजीला चपराक दिली. थकबाकीदारांची नावे आणि छायाचित्रे चौकात लावणे हा त्यांच्या प्रतिष्ठेवर आणि खासगीपणावर घाला आहे, असे त्या न्यायालयाने म्हटले. महाराष्ट्रातल्या सहकारी संस्थांच्या संचालक मंडळांनी हा निकाल आपल्या सभागृहात मोठ्याने वाचावा. मोठ्याने वाचण्याची सवय त्यांना आहेच!

आणि या साऱ्यात सर्वांत निर्दयपणे भरडली जाते ती बाई. २०२४ मध्ये राज्य सरकारने लाडकी बहीण योजना आणली. महिन्याला दीड हजार रुपये थेट तिच्या स्वतःच्या खात्यात जावेत, दुसऱ्या कोणाच्या हाती पडू नयेत, म्हणून बँक खाते मधे घातले. पण नवरा शाखेत येतो, “हिचे पैसे आले का हो?” असे विचारतो, आणि खिडकीवरून बिनदिक्कत सांगितले जाते, “आले की, गेल्या महिन्याचेही तसेच पडून आहेत.” झाले! त्या रात्री त्या घरात काय होते याची जबाबदारी कोण घेणार? “घरचीच माणसं आहेत” हा बँकेचा ठरलेला जबाब. घरचा माणूस हा कायद्याने परकाच आहे, जोवर खातेदाराने लेखी अधिकार दिलेला नाही! आईच्या खात्याची माहिती मुलाला नाही, सुनेची सासऱ्याला नाही, बापाची जावयाला नाही. दारुड्या नवऱ्यापासून चार पैसे लपवून मुलीची फी भरू पाहणाऱ्या बाईला बँकेखेरीज दुसरी तिजोरी नाही. त्या तिजोरीची चावी नवऱ्याच्या हाती देणारा कर्मचारी चार शब्दच बोललेला असेल. पण त्या चार शब्दांनी तिचा संसार मोडू शकतो.

जिभेवर लगाम नाही, तसा कागदावरही नाही. आधार कार्डाच्या, पॅन कार्डाच्या, रेशन कार्डाच्या झेरॉक्स शाखेच्या टेबलांवर गठ्ठ्यांनी उघड्या पडलेल्या असतात. ज्याला हवे त्याने उचलाव्यात! चुकलेल्या स्लिपा फाडल्याही न जाता टोपलीत जातात. त्यांवर खाते क्रमांक, सही, मोबाइल नंबर सारे शाबूत असते. एकीकडे “आपला ओटीपी कोणालाही सांगू नका” अशी भिंतभर पोस्टरे चिकटवायची आणि त्याच भिंतीखाली ग्राहकाची सही कचऱ्यात टाकायची, हा कसला शहाणपणा?

बचावाची भाषणे आम्ही ऐकली आहेत. पहिला बचाव गर्दीचा. गर्दी कोणी केली? माणसे निवृत्त होत गेली आणि त्यांच्या जागा रिकाम्या ठेवल्या. एका कर्मचाऱ्यावर रोख, पासबुक, केवायसी आणि वर विम्याचे टार्गेट लादले. जाड काच बसवली आणि ऐकू येईल असा मायक्रोफोन बसवला नाही. तो कर्मचारी दिवसभर ओरडतो कारण त्याला ओरडायला भाग पाडले आहे. म्हणून आमचे बोट काउंटरवरच्या कारकुनाकडे कमी आणि मुंबईच्या मुख्य कार्यालयांत बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांकडे जास्त आहे. दुसरा बचाव मोबाइलचा. “आता सगळे मोबाइलवर करता येते, शाखेत यायचेच कशाला?” शाखेत येतो तो म्हातारा, ती अंगठेबहाद्दर बाई, तो अंध खातेदार, नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला काठी टेकत आलेला पेन्शनर. ज्यांना मोबाइल जमतो ते केव्हाच घरी बसले. उरले त्यांच्या खासगीपणाची किंमत तुम्ही शून्य धरता काय?

तिसरा बचाव मात्र विचार करण्याजोगा आहे. ठगांच्या फोनला घाबरून आयुष्यभराची पुंजी काढायला आलेल्या वृद्धाला “कशासाठी काढताय?” असे विचारून एखादा जागरूक कर्मचारी वाचवतो. त्याने विचारलेच पाहिजे, तो त्याचा धर्मच आहे! पण ते आत बोलावून, खुर्ची देऊन, हळू आवाजात विचारता येत नाही काय? काळजी आणि चव्हाटा यांतला फरक ज्याला कळतो तोच कर्मचारी खरा. तो फरक कर्मचाऱ्यांना शिकवणे हे व्यवस्थापनाचे काम आहे, आणि ते काम व्यवस्थापनाने टाकून दिले आहे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. खिडकीपासून चार हात अंतरावर पट्टी आखा आणि तिच्यामागे रांग थांबवा. रक्कम तोंडाने उच्चारू नका. कागदावर लिहून दाखवा, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला बाजूला घेऊन सांगा. मोजणी यंत्राचे आणि संगणकाचे तोंड रांगेकडून फिरवा. वारसाचे दावे, थकीत कर्ज, अंगठ्याचे व्यवहार यांसाठी प्रत्येक शाखेत एक बंद खोली ठेवा आणि ती मोटारवाल्याइतकीच मोलकरणीलाही उघडा. लेखी अधिकाराशिवाय नातेवाइकाला एक अक्षरही सांगू नका. विमा प्रतिनिधीला ग्राहकाच्या शिल्लकीपासून दूर ठेवा. झेरॉक्स कुलपात ठेवा आणि रद्दी यंत्रात कातरून टाका. कर्मचाऱ्याने सही केलेले गुप्ततेचे प्रतिज्ञापत्र मराठीत, मोठ्या अक्षरांत प्रत्येक खिडकीवर लावा. आणि रिझर्व्ह बँकेने आपले तपासनीस साध्या ग्राहकाच्या वेशात या रांगांत उभे करून, जिथे आकडा कानावर पडेल तिथे बँकेला दंड ठोठावावा. यांतल्या बहुतेक गोष्टींना लागणारा खर्च एका जाहिरातीच्या फलकाहूनही कमी आहे. तेव्हा पैशाचे रडगाणे कोणी गाऊ नये.

वाचकहो, तुम्हीही मूग गिळून बसू नका! पुढच्या वेळी खिडकीवरून तुमचा आकडा ओरडला गेला, तर तिथेच थांबा आणि तक्रार वही मागा. तारीख, वेळ, खिडकी क्रमांक लिहा आणि पोच घ्या. बँकेने तीस दिवसांत समाधान केले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. २०२१ च्या लोकपाल योजनेने मनस्तापाबद्दलही एक लाख रुपयांपर्यंत भरपाईची सोय केली, ती शोभेसाठी नव्हे. तुमच्या पुढे उभ्या असलेल्या आजीच्या खांद्यावरून डोकावणाऱ्याला मागे सारा. तिची तक्रार तिला लिहिता येत नसेल तर तिला विचारून तुम्ही लिहा. एका शाखेत अशा पन्नास तक्रारी पडल्या तर मुख्य कार्यालयाला जाग आल्याखेरीज राहणार नाही.

बँकांना आमचे शेवटचे सांगणे. लोकांनी तुमच्याकडे नुसता पैसा ठेवलेला नाही, आपली अब्रू ठेवली आहे. पैसा बुडाला तर ठेव विमा पाच लाखांपर्यंत भरून देतो. अब्रूचा विमा कोणी उतरवत नाही. ती सांभाळायची नसेल तर “येथे गुप्तता फक्त केबिनमध्ये मिळेल” अशी पाटी दारावर लावा, म्हणजे गरिबाला निदान कळेल की आपण कुठे आलो आहोत. तशी पाटी लावायची हिंमत नसेल, तर तुम्हीच लिहून दिलेले प्रतिज्ञापत्र उद्या सकाळी शाखेचे दार उघडल्यापासून पाळा. सवड, समिती, अभ्यासगट यांपैकी काहीही आम्हाला मान्य नाही!